भट्टीजवळची तालीम

८ ऑक्टोबर, मंगळवार

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मला नोकरी लागली. काम काय, तर पोलिसांसमोर वेड्यासारखं वागायचं.

सकाळी ग्लेनिस ट्रेव्हॅरोचा फोन आला. ती शेरीफच्या, म्हणजे जिल्हा पोलिसांच्या, खात्यात लेफ्टनंट आहे. आमच्या या टोकाला एकेका गावच्या पोलीस ठाण्यात माणसं मोजकीच, त्यामुळे दरवर्षीचं उजळणी प्रशिक्षण आपापलं करणं कुणालाच झेपत नाही. यंदापासून शेरीफचे लोक, दोन्ही गावांचे पोलीस, ओजिब्वे आदिवासींच्या वस्तीचे पोलीस आणि जंगलरक्षक या सगळ्यांनी मिळून एकच प्रशिक्षण ठेवलंय. जागा म्हणजे आमची बंद पडलेली प्राथमिक शाळा. जिथे मी जन्मभर गाणं शिकवलं आणि नाटकं बसवली, तिथेच.

"मनाचा तोल गेलेल्या माणसाशी कसं बोलायचं, हा एक दिवस ठेवलाय," ग्लेनिस म्हणाली. "समोर कुणीतरी तसं वागणारं पाहिजे. शहरातून नट आणायला पैसे नाहीत, बाई. शाळेत नाताळच्या नाटकात तुम्ही आमच्याकडून मेंढ्या आणि देवदूत करून घ्यायचात. आता आमच्यासाठी तुम्ही करा."

मी लगेच हो म्हटलं. एवढ्या लगेच म्हणायला नको होतं, जरा आढेवेढे घ्यायचे असतात.

लायल गॅरेजमध्ये कुणाचं तरी बर्फ फेकायचं यंत्र उघडून बसला होता. त्याला सांगितलं. त्यानं हात पुसले आणि म्हणाला, "घरात एक पुरे नव्हता का, सिस्को?"

आजीच्या फिनिश भाषेत सिस्को म्हणजे बहीण. त्याला माझं नाव मर्ना आहे हे बहुधा फक्त पत्रांवर वाचून माहीत असेल. दोघंही पोट धरून हसलो. तो असा हसला की मला वाटतं, सगळं ठीक चाललंय.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

फजिती. पहिल्या तुकडीसमोर मी डोळे फिरवले, केस उपटले, किंचाळले. रॉय बुशेनं माझा हात मागे घेतला आणि बेड्याच घातल्या. रॉय शेरीफच्या खात्यातला सगळ्यात जुना. माणूस अस्वलाएवढा आणि आवाजही तसाच. "सॉरी, मिस कांगास," तो म्हणाला, "पण तुम्ही दात लावलेत."

"लावले नाहीत. दाखवले."

सगळे हसले. ग्लेनिस हसली नाही. जेवणाच्या सुट्टीत मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, हे सिनेमातलं झालं. खरी माणसं अशी नसतात. खरी माणसं हळू बोलतात आणि त्यांचं त्यांना पटत असतं. एखादं खरं माणूस डोळ्यांसमोर आणा ना."

तिला लायलबद्दल माहीत आहे. गावात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणी बोलत नाही.

रात्रीच्या जेवणाला वाटाण्याचं सूप केलं. लायल चमचा तोंडाशी नेण्याआधी प्रत्येक वेळी क्षणभर थांबतो, जणू कुणाची परवानगी घेतो. इतकी वर्षं समोर बसून जेवतेय, पण आजच लक्षात आलं.

"काय बघतेस?" तो म्हणाला.

"काही नाही. जेव."

२० ऑक्टोबर, रविवार

तालीम सुरू केली. लायलसमोर करणं बरं दिसणार नाही, म्हणून तळघरात करते, घर तापवणाऱ्या भट्टीजवळ. तिथे ऊब असते, कपडेही वाळत असतात. वर त्याला त्रास नको. त्याच्या खोलीतला रेडिओ भट्टीची गरम हवा वर नेणाऱ्या नळ्यांतून मला खाली अगदी स्वच्छ ऐकू येतो, हवामानाच्या बातम्यासुद्धा. तेवढीच सोबत.

तो एकवीस वर्षांचा असताना पहिल्यांदा आजारी पडला. तेव्हा तो जे बोलायचा ते मला वाटलं होतं मी विसरलेय. विसरलेली नाही. भिंतीतली माणसं आपलं नाव घेतात, पण आडनाव चुकवतात. पाण्याला आदल्या दिवसाची चव येते. एकेक वाक्य आपोआप वर येतं. मी ती त्याच्या सुरात म्हणून बघते. त्याचा सूर वाक्याच्या शेवटी खाली जातो, विहिरीत दगड टाकल्यासारखा.

त्याचं महिन्याचं इंजेक्शन आता गावात मिळत नाही. दवाखान्यातली नर्स सोडून गेली, तो विभागच तासभर लांब हलवला. "मी जातो गाडी घेऊन," लायल म्हणाला. "तू कामाची बाई झालीस आता." बरं झालं, जबाबदारी घेतोय.

२३ ऑक्टोबर, बुधवार

आज जमलं! खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

प्रसंग असा: बाई स्वयंपाकघरात, हातात सुरी (रबराची), शेजाऱ्यांनी पोलीस बोलावलेत. मी सुरी उगारली नाही. नुसती धरून बसले आणि हळू बोलत राहिले. एका तरुण जंगलरक्षकाला घाम फुटला. रॉय दारातूनच ओरडला, "खाली टाका ती! आधी टाका!" मी घाबरून खरोखरच उठले, आणि प्रसंग तिथेच बिघडला. ग्लेनिसनं त्याला सगळ्यांसमोर झापलं. "तुला बैल हाकायला पाठवलं नव्हतं, रॉय."

आणि मग ब्रेंट लुओमा आला. हा पलीकडच्या गावचा पोलीस, पस्तिशीचा, सडपातळ. बाकीचे म्हणतात म्हणून तोही मला बाई म्हणतो. आत आला, दाराशीच जमिनीवर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाई, मला कुठेही जायचं नाहीये. तुम्ही बसा तशाच. ते काय म्हणतात, सांगाल मला?"

त्या आवाजात असं काही होतं की मी सुरी खाली ठेवली. ठरवलं नव्हतं. हातानं आपोआप ठेवली. ग्लेनिसनं नंतर सगळ्यांना सांगितलं, असं करायचं. आधी दाराशी जो माणूस भेटेल त्याला शांत करा, मग घाई होत नाही. आता तर ते कार्डावर छापून देणार आहेत.

आता सबंध जिल्ह्यातले पोलीस माझ्यासमोर येणारच. कोण कसा, ते मला आता कळायला लागलंय. शाळेतही पहिल्या आठवड्यात कळायचं, कोण सुरात गाणार आणि कोण नुसते ओठ हलवणार.

४ नोव्हेंबर, सोमवार

बर्फ पडायला लागला. रॉय बुशेचं यंत्र गॅरेजमध्ये तसंच उघडं पडलंय, अजून दोघांची आहेत. लायल म्हणतो, पाने सापडत नाहीत. पाने भिंतीवरच टांगलेले आहेत.

त्यानं त्याच्या खोलीतल्या गरम हवेच्या जाळीत टॉवेल कोंबला होता. मी काढला. म्हटलं, "थंडीनं मरशील."

"थंडी परवडली."

"इंजेक्शन घेतलंस ना?"

"घेतलं म्हटलं ना."

मग खिडकीकडे बघत म्हणाला, "आता त्यांनी नवीन काढलंय, सिस्को. आधी ते त्यांचं बोलायचे. आता माझंच बोलणं मला ऐकवतात. माझीच वाक्यं. आवाज बाईचा काढतात, पण वाक्यं माझी."

किती भयंकर, आणि किती अचूक! खाली जाऊन लगेच लिहून ठेवलं, नाहीतर उद्यापर्यंत शब्द इकडचे तिकडे झाले असते. पाच-सहा वेळा म्हणून बघितलं. "वाक्यं माझी" यावर थांबायला हवं.

वर आले तर टॉवेल पुन्हा जाळीत.

६ नोव्हेंबर, बुधवार

ते वाक्य आज घेतलं. ओजिब्वे वस्तीच्या पोलिसांतली एक मुलगी आहे, डॅनिएल कॅडॉट. ती प्रसंग संपल्यावर बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. तिचा मामा असंच म्हणायचा, म्हणाली. ग्लेनिसचे डोळे ओले झाले. "बाई, हे तुम्ही कुठून आणता?"

मी खांदे उडवले. कलावंतानं सगळं सांगायचं नसतं.

निघताना ब्रेंट लुओमा गाडीपर्यंत आला. काचेवरचा बर्फ स्वतःच्या हातानं खरवडून दिला. त्याचा खासगी नंबर लिहून दिला. "कधीही लागलं तर, बाई. कामावर नसलो तरी."

घरी येताना बेकरीतून निसु, म्हणजे फिनिश गोड पाव, घेतला. लायलला वेलचीचा वास आवडतो. त्यानं तुकडा हातात घेतला, हुंगला आणि परत ठेवला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

हरणांच्या शिकारीचा हंगाम कालपासून सुरू झाला. पहाटेपासून जंगलात बार उडतायत. गावातले निम्मे पुरुष नारिंगी कपड्यांत तिकडेच, आणि प्रशिक्षणाला सुट्टी. लायल स्वयंपाकघरात टेबलाखाली बसून होता. मी खाली वाकून कॉफी दिली. म्हटलं, "दरवर्षीच उडतात रे."

"दरवर्षी हरणांवर."

मीही खाली बसले त्याच्याशेजारी. गुडघे दुखायला लागले तेव्हा उठले.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

लांबच्या त्या दवाखान्यात फोन केला. लायल कांगास? सप्टेंबरनंतर आलेलेच नाहीत.

म्हणजे तेव्हापासून एकही इंजेक्शन नाही. तो गाडी घेऊन जायचा, ते कुठे जायचा?

मी म्हटलं, मी त्याला उद्या आणते. फोनवरच्या बाई म्हणाल्या, डॉक्टरांची वेळ जानेवारीतच मिळेल. मी म्हटलं, तो जेवत नाही. ते यायला तयार आहेत का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. मग त्यांच्या मनाविरुद्ध आम्हाला काही करता येत नाही. स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असेल तर पोलिसांना फोन करा. आणि धोका नसेल तर? तर जानेवारी.

फार नम्र बाई होती. दोनदा म्हणाली, तुमचं काळजी करणं मी समजू शकते.

लायलला विचारलं, खोटं का सांगितलंस? तो म्हणाला, "तू खूश होतीस."

त्याच्या वाटचे बटाटे परत भांड्यात टाकले.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज सणाचं जेवण. टर्की केली नाही, दोघांपुरती कोण करतो? मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी भाजल्या. लायलनं वरचं आवरण उचलून आत बघितलं आणि सोडून दिली. घरातल्या सगळ्या जाळ्यांवर त्यानं आता पुठ्ठे चिकटवलेत. माझ्या खोलीतल्यासुद्धा. मी काढत नाही. डिसेंबरात यंदाच्या शेवटच्या दोन तुकड्या आहेत, त्यांच्यासाठी मला झोप हवी.

ग्लेनिसला फोन करून सांगावं असं दोनदा मनात आलं. पण काय सांगू? तिच्या नजरेत मी वेगळी आहे. आणि सांगितलं तर ती कुणाला तरी पाठवणार, आणि कोण येईल ते आपल्या हातात नाही. मला रॉय दिसतो. दारातूनच ओरडणारा.

८ डिसेंबर, रविवार

काल लिहिता आलं नाही. आज जसं झालं तसं लिहिते. इथे मन आवरतं तेवढंच.

काल दुपारी जेवणं झाल्यावर तळघरातून घणाचे आवाज यायला लागले. लायल खाली होता आणि दाराला आतून कडी. मी दारावर थापा मारल्या.

"काय करतोयस?"

"नळ्या काढतोय. सगळ्या काढतो. मग कुणाला बोलायला जागाच राहणार नाही."

"लायल, भट्टी बंद पडेल. दार उघड."

"तू वर जा, सिस्को. वरच राहा."

त्याचा आवाज अगदी हळू होता. त्याचं त्याला पटलेलं होतं. मी पोलिसांचा नंबर फिरवला. पलीकडची मुलगी म्हणाली, रॉय बुशे दहाच मिनिटांवर आहे, पाठवते. आणि मी म्हटलं, नको, थांबा, तसं काही नाहीये, माझा गैरसमज झाला. तिनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी हसून नाही म्हटलं. हसणं चांगलं जमलं.

मग ब्रेंटला फोन लावला. तो पलीकडच्या गावात मुलीच्या हॉकीच्या सामन्याला बसला होता, मागे शिट्ट्या आणि आरडाओरडा. "निघालोच, बाई." रस्त्यावर बर्फ होता, त्याला वेळ लागणारच होता. मी तळघराच्या दाराशी बसून राहिले. आत घण चालूच होता. मधे थांबायचा, परत सुरू व्हायचा.

ब्रेंट आला तेव्हा आवाज थांबलेला होता. मी दार उघडलं आणि बोलायला लागले. लायल, नळ्या, भिंती, इंजेक्शन, सगळं एकत्र. मी ओरडत होते. त्यानं टोपी काढली.

"बाई, मी आलोय. आधी बसू या. मला कुठेही जायचं नाहीये."

"ब्रेंट, तो खाली आहे! खाली जा!"

"जातो. आधी तुम्ही श्वास घ्या."

मी जेवढी ओरडले तेवढा तो हळू झाला. अगदी बरोबर करत होता. दाराशी जो माणूस आहे तो आधी. त्यानं मला सोफ्यावर बसवलं, स्वतः गालिच्यावर बसला आणि विचारलं, "ते काय म्हणतायत, सांगाल मला?"

आणि मी सांगायला लागले.

हे मला समजत नाही. त्याच्या त्या आवाजापुढे मला दुसरं काही येतच नाही बहुधा. मी म्हटलं, ते माझंच बोलणं मला ऐकवतात. आवाज बाईचा, पण वाक्यं माझी. तिथे थांबलेसुद्धा. तो मान हलवत होता, मी बोलत होते, हात मांडीवर प्रशिक्षणात ठेवते तसेच ठेवले होते. किती वेळ, कोण जाणे. दोघांनाही ते फार चांगलं येत होतं.

पायांना गार लागलं म्हणून मी खाली बघितलं. भिंतीजवळच्या जाळीवरचा पुठ्ठा सुटून फडफडत होता. जाळीतून वारा येत होता, बर्फाचा वास असलेला. भट्टीच्या नळ्यांतून कधी असा वारा येत नाही.

तळघराला मागच्या अंगणात उघडणारं एक दार आहे, आम्ही लाकडं त्यातून आत घेतो. मी ब्रेंटला ते सांगितलंच नव्हतं. त्यानंही विचारलं नव्हतं.

दार सताड उघडं होतं. बर्फात पावलं, सरळ तळ्याच्या दिशेनं. कोट खुंटीवरच.

तळं म्हणजे सुपीरियर. पलीकडचा काठ दिसत नाही असं.

९ डिसेंबर, सोमवार

सापडला. आधी हे लिहायला हवं होतं. शनिवारीच सापडला, अंधार पडायच्या आत. शोधायला सगळेच आले होते. शेरीफचे, दोन्ही गावांचे, वस्तीचे, जंगलरक्षक. एकजात सगळे माझ्या ओळखीचे, आणि मी काठावर ब्लँकेट पांघरून उभी. डॅनिएलनं माझा हात धरला होता. कुणीतरी कॉफी दिली. एकही जण मला बाई म्हणाला नाही.

किनाऱ्यालगत उन्हाळी घरं आहेत, आता बंद. त्यातल्या एका घराच्या उलट्या घातलेल्या होडीखाली लायल ताडपत्री ओढून बसला होता. एक बूट कुठेतरी पडला होता. रॉय बुशेला दिसला. डॅनिएल सांगत होती, रॉय गुडघ्यांवर बसून होडीखाली ओरडला, "लायल, गाढवा, माझं यंत्र ऑक्टोबरपासून तुझ्याकडे पडलंय! दारातला बर्फ मी काय दातांनी काढू? ये बाहेर!"

आणि लायल म्हणे हसला. आणि आला बाहेर. रॉयनं त्याला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं. सबंध वाट शिव्या देत होता आणि लायल म्हणे मधूनमधून उत्तरं देत होता.

डाव्या पायाची बोटं जाणार. मार्केट शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलंय. आधी पाय, मग मनाचा विभाग. मला भेटू दिलं नाही. म्हणजे दवाखान्यानं नाही. त्यानं.

काल ब्रेंट येऊन स्वयंपाकघरात बसला होता. घर गार, कारण भट्टी मोडलेली. दोघंही कोट घालूनच बसलो.

"मी कार्डावरचं सगळं केलं, बाई."

"हो. सगळं नीट केलंस."

"काय चुकलं मग?"

मी त्याला निसु कापून दिला. शिळा होता, तरी त्यानं खाल्ला.

२० डिसेंबर, शुक्रवार

आज सुनावणी झाली. दवाखान्यातच एका खोलीत, न्यायाधीश पडद्यावर. लायल दवाखान्याच्या ढगळ कपड्यांत, चाकाच्या खुर्चीत. दाढी केलेली. बारीक झालाय. माझ्याकडे एकदाच बघितलं, आणि ते बघणं रागाचं नव्हतं. रागाचं असतं तर बरं झालं असतं.

न्यायाधीशांनी विचारलं, "उपचार झाल्यावर बहिणीकडे परत जायचं आहे का?"

"नाही."

"का नाही? त्यांनी काही त्रास दिला?"

"नाही. ती चांगली आहे." मग म्हणाला, "ती मला पाठ करते."

न्यायाधीशांना नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी परत विचारलं. लायलनं परत तेवढंच सांगितलं, वाक्याच्या शेवटी सूर खाली नेत. मग त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर तरुण आहेत, सौम्य. ते म्हणाले, हा त्यांचा पक्का भ्रम आहे. आपली वाक्यं कुणीतरी चोरतं आणि भिंतीतून आपल्याला परत ऐकवतं असं त्यांना वाटतं. या आजारात असं आढळतं. औषधानं कमी होईल.

कारकुनानं ते टाइप केलं. टकटक मला ऐकू येत होती.

"मिस कांगास, तुम्हाला काही सांगायचंय?"

मी उठले. त्या शाळेत चार-पाच डझन बंदूकधारी माणसांसमोर मी हवं ते बोलले आहे. खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. लायल खिडकीबाहेर बघत होता. मी म्हटलं, "काही नाही."

हुकूम झाला. आधी दवाखाना, मग त्या बाजूलाच एका सांभाळघरात राहायचं. सरकारी पालक नेमणार. भेटायचं की नाही ते लायल ठरवणार.

डॉक्टर म्हणतात भ्रम, तर भ्रमच असणार. ते एवढं शिकलेले आहेत. मी येताना सबंध रस्ता हेच म्हणत होते.

११ जानेवारी, शनिवार

भट्टीवाला येऊन नळ्या जोडून गेला. परत घर ऊबदार. जिना चढून वर आला आणि म्हणाला, "झकास झालंय. खाली तुम्ही शिंकलात तरी वरच्या माणसाला 'देव भलं करो' म्हणता येईल."

त्याला पैसे दिले. गेल्यावर तळघराच्या दाराला बाहेरून कडी घातली. कपडे आता धुवायला गावात नेते. लोकांना सांगते, मशीन बिघडलंय.

रॉय येऊन त्याचं यंत्र घेऊन गेला, तसंच उघडं, सुटे भाग खोक्यात घालून. "लायल आला की करेल," म्हणाला. "तोवर फावड्यानं काढीन. मला व्यायाम सांगितलाच आहे." तो मार्केटला जाऊन लायलला दोनदा भेटून आलाय. काय बोलता, मी विचारलं. "काही नाही. इंजिनांचं." मग माझ्याकडे न बघता, "बरा आहे तो, मिस कांगास. खरंच बरा आहे."

रॉयला भेटतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

ग्लेनिसचा फोन. हिवाळी तुकड्या सुरू होतायत. मी म्हटलं, मला नको विचारूस. ती म्हणाली, आम्ही एक नवा प्रसंग बसवलाय. घरातला माणूस आजारी, बहीण दाराशी येते, आणि तिच्याशी बोलत बसलं तर तो मागच्या दारानं जातो. ब्रेंटनंच सुचवलं. नाव बदललंय, आजारी भावाचं नाव वॉल्टर ठेवलंय.

"बहिणीचं काम दुसरं कुणी नीट करेल असं नाही, बाई. तुमची सक्ती नाही. पण परत असं होऊ नये ना कुणाचं."

हे खरं आहे. म्हणूनच नाही म्हणता येईना. मी म्हटलं, पाठवून दे. म्हणजे काय बोलायचं ते.

कागद आला. माझीच वाक्यं आहेत. 'ब्रेंट, तो खाली आहे' याऐवजी 'साहेब, तो खाली आहे.' ब्रेंटनं आठवून आठवून दिलेली दिसतात. एकही शब्द चुकलेला नाही.

तालीम केली नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज नवा प्रसंग झाला. शाळेचं जुनं संगीताचं दालन म्हणजे घर. त्याला मागच्या मैदानात उघडणारं दार आहे म्हणून ते निवडलं. बाहेर कमरेएवढा बर्फ. ब्रेंट भिंतीशी उभा होता, हातात वही, काही लिहीत नव्हता.

पहिली पाळी डॅनिएल कॅडॉटची. तिला आत काय आहे ते सांगितलेलं नव्हतं. मी दार उघडलं आणि ओरडायला लागले. साहेब, तो खाली आहे, तो नळ्या काढतोय. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. फक्त ठेवला. म्हणाली, "मागे दार आहे का?"

मी मान हलवली आणि ती पळाली.

मला वाटलं नव्हतं ती इतक्या लवकर जाईल. तिनं मागचं दार ढकललं, बर्फामुळे ते अडकत होतं, खांदा लावून उघडलं आणि पायरीवर उभी राहिली. बाहेर कुणी नव्हतं. दुसऱ्या नटाचे पैसे नाहीत, त्यामुळे वॉल्टरचं काम कुणालाच दिलेलं नाही. प्रसंग दार उघडण्यापर्यंतच आहे. तिला ते माहीत नव्हतं. तिनं तोंडाभोवती हात धरले आणि हाक मारली.

"वॉल्टर! वॉल्टर, थांब! मी येतेय!"

मोकळं मैदान, जुना झोपाळा बर्फात बुडालेला. ती एक पायरी उतरली, मांडीपर्यंत आत गेली आणि पुन्हा हाक मारली. खरोखर शोधत होती ती.

आता मी बोलायचं होतं. कागदावर माझं एक वाक्य होतं तिथे. ग्लेनिस माझ्याकडे बघत वाट पाहत होती, मग तिनं ओठांनी ते मला सांगितलंसुद्धा. मला दिसत होतं पण कळत नव्हतं.

मी दारापाशी गेले. डॅनिएलनं वळून बघितलं, तिचा चेहरा लाल झाला होता.

"बाई, कुठल्या बाजूला गेला असेल तो?"

मी तिच्याशेजारी बर्फात उतरले आणि दोघी बघत उभ्या राहिलो.